फवारलेल्या भिंतीचा पाठ

भाद्रपदात हिवतापाच्या औषधाचे फवारणीवाले आमच्या गावी आले आणि दिवस मावळायच्या आत सगळं गाव फवारून निघून गेले. बाजा, सुपं, हंडे, कणग्या, देव्हाऱ्यातले देवसुद्धा त्यांनी अंगणात काढायला लावले होते. संध्याकाळी माणसं घरात परतली तेव्हा भिंतींवर पांढरट ओघळ वाळलेले होते आणि घरभर एक उग्र वास होता. जाताना त्यांच्या मुकादमाने शाळेच्या ओसरीवर पत्रकांचा एक गठ्ठा टाकला. मी तो अधाशासारखा उघडला.

मी पत्रकांवर वाढलो. वडील चांद्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि बिघडलेल्या प्रती घरी आणायचे. संपाची पत्रकं, सभांची, दारूबंदीची, मंदिरप्रवेशाची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि नंतर त्यांची छापील बाजू वाचून वाचून पाठ केली. त्यामुळे ठळक टायपात छापलेली खरी गोष्ट लोकांपुढे नुसती ठेवली की लोक उठतात, असा माझा विश्वास होता. मास्तर तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमधून बाहेर पडून या गावी मास्तर म्हणून आलो तेव्हा माझ्या पेटीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते.

गाव सिंदेवाहीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वर जंगल, खाली तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या. आश्विन लागला की वर्ग अर्धा व्हायचा. उरलेल्या पोरांतली दोन-चार भर दुपारी उन्हात जाऊन बसायची आणि दात वाजवत कुडकुडायची. हातापायांच्या काड्या, आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पुढे आलेलं पोट. अशा मुलांना मी नद्यांची नावं पाठ करायला लावत होतो. त्याची मला चीड यायची. म्हणून मुख्याध्यापकांनी पत्रकांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून "आरोग्याचा पाठ घ्या, मास्तर, वरून हुकूम आहे" असं म्हटलं, तेव्हा मला तो हुकूम वाटलाच नाही.

पत्रकातली गोष्ट साधी होती. हिवतापाचा डास माणसाचं रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. भिंतीवर औषध असलं तर तो तिथेच मरतो आणि ताप दुसऱ्या घरी नेत नाही. पण त्या औषधावर मातीचा हात फिरला की औषध गाडलं गेलं. म्हणून शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं: फवारलेल्या भिंती सारवू, पोतू अथवा रंगवू नयेत. त्याखाली बारीक अक्षरात: औषधापासून मनुष्यास अपाय नाही.

आणि दिवाळी महिन्यावर आली होती. आमच्या भागात दिवाळीआधी घरातली बाई पांढरी माती भिजवते आणि चिंधीने सगळ्या भिंती पोतून काढते. न पोतलेल्या घरात दिवा लावत नाहीत. फवारणीचा साहेब हे ठाऊक नसताना तारखा ठरवत होता की ठाऊक असून, ते मला आजही कळलेलं नाही.

मी पाठ पंचपदीने तयार केला. नॉर्मल स्कूलमध्ये ती आमच्याकडून घोटून घेतली होती: आधी जुन्या माहितीवरचे प्रश्न, मग हेतुकथन, मग विवेचन, मग सारांश, शेवटी उपयोग. फळ्यावर मी शेपूट वर करून बसलेला डास काढला. मुलांकडून वाक्यं वदवून घेतली. "फवारलेली भिंत पोतायची का?" "नाही, गुरुजी!" छप्पर हललं. मधेच एक पोरगा उठून म्हणाला, "गुर्जी, फवारणी झाली अन् आमची मांजर मेली." वर्ग हसला. पाठात मांजरीला जागा नव्हती. मी त्याला बसवलं आणि सारांशाकडे वळलो.

चौथीत तीन मुली होत्या. त्यांतली एक दहा-अकरा वर्षांची, सावळी, हट्टी, गणितात सगळ्यांच्या पुढे. तास सुटल्यावर ती रेंगाळली.

"गुर्जी, बाळंतिणीची खोली पोतली तं चालते का?"

"नाही. तीही नाही. ती तर मुळीच नाही. का?"

"माही बाई आली न बाळंतपणाले."

तिची बाई म्हणजे मोठी बहीण. ती गडचिरोलीकडे दिलेली होती. मागच्या वर्षी तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. अंगात हिवताप होता, आणि तापातच ते पडलं. या खेपेला नवऱ्याने तिला आधीच माहेरी आणून सोडली. पण श्रावणात इथेही तिला दोनदा थंडी वाजून आली. सिंदेवाहीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने गोळ्या दिल्या, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, आणि अंगात रक्त नाही, आता पुन्हा ताप चढला तर दोघांचंही सांगता येणार नाही, असं तिच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं. बापाने ते घरी सांगितलं नव्हतं. धाकटीने मात्र ते गाडीच्या मागे बसून ऐकलं होतं. हे सगळं तिने मला एका दमात, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत सांगितलं.

मी तिला म्हणालो, "मग तुझ्या आईला सांग. भिंत जशी आहे तशीच राहू द्या म्हणावं."

तिने सांगितलंही. आणि आईने ऐकलं नाही तेव्हा ती भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. प्रार्थना संपत होती तेवढ्यात तिचा बाप तिला दंडाला धरून शाळेच्या ओसरीवर आला. तिच्या गालावर वळ होता आणि केसांत वाळलेली पांढरी माती. बाप तसा शांत माणूस होता, गावात त्याच्या शब्दाला मान होता. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला आधी सोडायचं, ते लोक त्याला विचारत. त्या दिवशी त्याचा आवाज चढलेला होता.

"गुर्जी, तुमी पोट्टीले शिकवून राह्यले का आमच्या घरात राज्य करून राह्यले?"

"काय झालं, भाऊ?"

"काय झालं? मायच्या हातातली बादली लाथेनं उडवली इनं. म्हणते गुर्जीनं सांगतलं. मंग मायनं देल्ली एक ठेवून. आता रातपासून ना जेवली, ना बोलली."

मी पत्रक आणलं आणि ठळक ओळ त्याला वाचून दाखवली. माझा आवाजही चढला असावा. सरकारचा खर्च, डॉक्टरांचं ज्ञान, अडाणीपणा, रूढी, सगळं मी त्याच्यापुढे ओतलं. माझ्या मते त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि आजही नाही.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हा कागद बाळंतपण करते का? माही बायको करते. तिचं आयकू का कागदाचं आयकू?"

"तुमच्या मुलीला पुन्हा ताप आला तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हणालो.

त्याने चटकन धाकटीकडे पाहिलं. हे मला तिच्याशिवाय कोणी सांगणं शक्य नव्हतं. त्याचा हात तिच्या दंडावरून सुटला.

"आजचा दिवस पोतत नाई," तो खाली बघत म्हणाला. "आज पितरांची अमावास्या हाय. उद्या पोततीन. दिवस भरले तिचे, कवाही होईन. खोली तयार नसली तं सटवाई कुठी येईन? पाचव्या दिवशी भित कोरी लागते, गुर्जी. तेवढं तं तुमच्या आईनंही केलं असन." आणि जाता जाता म्हणाला, "हे पोट्टी आजपासून शाळेत येनार नाई."

ती मात्र त्याच्या मागे गेली नाही. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. त्याने मागे वळून पाहिलं आणि निघून गेला.

मुख्याध्यापक हे सगळं आपल्या दारात उभे राहून बघत होते. पन्नाशीचे गृहस्थ, घर शाळेला लागूनच. ते म्हणाले, "मास्तर, आपलं काम शिकवणं. शिकवून झालं. आता कोणाच्या घरात शिरू नका. शाळा जनपद सभेची आहे. तिथे कोणी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल."

"शिकवून झालं कुठे? मुलं घोकतात आणि आया पोततात. याला शिकवणं म्हणायचं?"

"गाव असंच असतं."

"आणि ती मुलगी मेली तर?"

त्यांच्या मागे, उघड्या दारातून, त्यांच्या घराची भिंत दिसत होती. पांढरीशुभ्र, ओलसर, चिंधीच्या अर्धगोल फटकाऱ्यांची नक्षी असलेली. मी त्या भिंतीकडे बघतच राहिलो. त्यांनीही मागे वळून पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"घरातल्यांना मी सांगितलं होतं," ते पुटपुटले.

त्या भिंतीनेच मला पाठ सुचवला. शाळेची भिंत फवारलेली, तशीच. मुख्याध्यापकांची भिंत फवारलेली, पण पोतलेली. दोन्ही भिंतींवर डास बसवायचे आणि मुलांना, मुलांच्या घरच्यांना, उघड्या डोळ्यांनी बघू द्यायचं. मी काही सांगणार नाही. भिंतीच सांगतील. मुख्याध्यापकांना मी हे सांगितलं तेव्हा आधी ते नाहीच म्हणाले. मग बराच वेळ आपल्या भिंतीकडे पाहून म्हणाले, "घ्या. पण ती भिंत कोणाची आहे ते जास्त बोलू नका."

कंदिलाच्या दोन काचा घेतल्या, एक शाळेची, एक माझी. वरच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मोठ्या मुलांना घेऊन शेतावरच्या एका गोठ्यात गेलो. गावाबाहेर असल्यामुळे तिथे फवारणी झाली नव्हती. गवताच्या छपराखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात डास टेकलेले होते. पोटं रक्ताने लाल. मुलं श्वास रोखून काच त्यांच्यावर ठेवायची, खाली पुठ्ठा सरकवायची. इतकी शांत आणि इतकी एकाग्र मी त्यांना वर्गात कधी पाहिली नव्हती. धाकटी सगळ्यांत पुढे होती. बापाने शाळा बंद केल्यावरही ती आली होती, आणि तिला घरी पाठवायचं माझ्या मनातही आलं नाही.

दोन्ही काचा भिंतींना टेकवल्या, कडेने ओला गारा लावून चिकटवल्या. एक शाळेच्या ओसरीत, एक मुख्याध्यापकांच्या पडवीत, दहा पावलांवर. मुलांनी आपापल्या घरी निरोप दिले होते. बायका आल्या नाहीत. पुरुष आले, धानात जायच्या आधी, विळे कमरेला लावून. धाकटीचा बापही आला. तो सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून उभा राहिला. घरी माती भिजायला घातली आहे, हे मला धाकटीने सांगितलं होतं.

आम्ही बघत राहिलो. डास उडाले, भिंतीवर टेकले, पुन्हा उडाले. ऊन ओसरीत शिरलं. शाळेच्या काचेतले डास तसेच जिवंत. पडवीतले डासही तसेच.

"गुर्जी," एकजण म्हणाला, "हे तं मजेत हायेत. सासुरवाडीले आल्यावानी बसले."

"औषध शिळं झालं असन," दुसरा म्हणाला.

"नाई बे, मरतीन न. उपासानं मरतीन. ठेवा दोन दिस."

सगळे हसले. मुलंही हसली. मी हसलो नाही. किती वेळ लागतो ते पत्रकात लिहिलेलं नव्हतं. तास? दिवस? की मातीच्या भिंतीने औषध पिऊनच टाकलं होतं? मला काहीही माहीत नव्हतं, आणि मी सगळं गाव गोळा करून बसलो होतो. तिकडे माती भिजत होती.

"चाला," कोणीतरी म्हणालं आणि लोक पांगू लागले. धाकटीचा बाप माझ्यापर्यंत आला. त्याला मला टोचायचं नव्हतं, हे जास्त टोचलं. "गुर्जी, तुमचं मन चांगलं हाय," तो म्हणाला. "पण जाऊ द्या आता." आणि घराकडे वळला.

मुख्याध्यापकांनी तिसरीचा पाढ्यांचा तास सुरू केला. मला वर्गात जायचं धाडस होत नव्हतं. धाकटी काचेपुढे उकिडवी बसली होती, नाक काचेला लागेल इतकी जवळ. मी तिला उठ म्हणालो. ती उठली नाही. मी वर्गात गेलो आणि फळ्यावर काहीतरी लिहू लागलो. काय लिहिलं ते आठवत नाही.

पाढे संपून कवितेचा तास चालू असताना ती ओरडली, "गुर्जी! पडला!"

मी धावलो. एक डास काचेच्या तळाशी पाठीवर पडून पाय झाडत होता. आम्ही बघता बघता दुसरा भिंतीवरून निसटला. तिसरा उडायला गेला आणि वेडावाकडा फिरून काचेवर आपटला. मग ते एकामागून एक पडू लागले. पडवीत धावलो, तिथेही एक मेलेला होता, पण बाकीचे चांगले टेकलेले, फडकं हलवलं की उडणारे. मुलं वर्ग सोडून बाहेर आली. मुख्याध्यापक पुस्तक हातात धरून बाहेर आले, वाकून दोन्हीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "न्या. लवकर न्या."

पुठ्ठे सरकवून आम्ही काचा भिंतींवरून सोडवल्या. एक माझ्या हातात, एक तिच्या. गावातून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. मागे अख्खी शाळा. "काय झालं व?" बायका दारांतून विचारत होत्या, आणि पोरं ओरडून सांगत होती, "मेले! मेले!" त्यामुळे एक म्हातारी रडायलाच लागली.

धाकटीच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आम्ही थांबलो. आईचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. एक भिंत पोतून झाली होती. समोरची, जिथे सटवाईची पूजा मांडायची. ती आता दुसऱ्या भिंतीकडे वळत होती. मोठी मुलगी कोपऱ्यात बाजेवर बसलेली, पिवळी, डोळे खोल गेलेले, पोटावर दोन्ही हात. बाप दाराशी.

मी धापा टाकत सांगितलं. ही फवारलेली भिंत. हे डास मेले. ही पोतलेली. हे जिवंत. धाकटीने आपली काच आईच्या डोळ्यांपुढे धरली. आई वाकली. तिने मेलेले डास नीट पाहिले. मग दुसऱ्या काचेतले पाहिले. घाई केली नाही. माझ्या मनात आलं, झालं, पटलं.

ती सरळ झाली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पायलं न? मी काय म्हणत होती? नुसतं टेकले तं मेले!"

मग मला म्हणाली, "गुर्जी, आमची मांजर कशी मेली? भितीले घासली, आंग चाटलं, अन् तडफडून मेली. माह्या डोळ्यादेखत. शेजारनीचीही मेली. अन् तुमी म्हनता पोतू नोको! तानं लेकरू या भितीशी निजन. हात लावन, हात तोंडात घालन. जे मच्छराले मारते, मांजरीले मारते, ते माह्या नातवाले काय दूध पाजन का?"

तिने चिंधी मातीत बुडवली.

तेव्हा मला कळलं. ती दिवाळीसाठी पोतत नव्हती. सटवाईसाठीही फक्त एकच भिंत होती, आणि ती झाली होती. ती विष झाकत होती. आणि भिंतीवर विष आहे याचा धडधडीत पुरावा मीच तिच्या दारात आणून ठेवला होता. पत्रकात लिहिलं होतं, मनुष्यास अपाय नाही. मांजरींबद्दल त्या पत्रकात एक अक्षर नव्हतं. ज्याने ते लिहिलं त्याने कोणत्याही गावात जाऊन, फवारणीनंतर काय झालं, असं एका बाईला विचारलं नसणार. मला त्या अनोळखी माणसाचा राग आला. अपाय नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मला ते माहीत नव्हतं. मला ते फक्त छापील ठाऊक होतं.

चिंधी भिंतीला लागली. धाकटी किंचाळली, "आई, नोको न!"

"तू गप. अजून एक ठेवून देईन."

तेव्हा बाजेवरून आवाज आला. मोठीचा.

"आई, पहिलं लेकरू भितीनं नाई नेलं."

आईचा हात थांबला.

"तापानं नेलं," मोठी म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "कंपाउंडर बाबाले काय बोलला, मले ठावं हाय. मले कोनी सांगतलं नाई. पर बाबाच्या तोंडावरून समजलं."

बापाने मान फिरवली. आई त्याच्याकडे बघत राहिली. "काय बोलला?" तिने विचारलं. त्याने सांगितलं नाही, आणि न सांगण्यातच तिला ते कळलं. मातीचं पाणी तिच्या कोपरावरून जमिनीवर ठिबकत होतं.

"माही बाज मधात घ्या," मोठी म्हणाली. "भितीपासून दूर. लेकरू माह्यापाशी निजन, भितीपाशी नाई. रांगाले लागन तवापर्यंत जाईन न हे औषध? अन् तुले लयच भेव वाटते तं खालून पोत. लेकराचा हात पुरते तेवढं. वरतं नोको."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता. ती हिशेब मांडत होती. एकीकडे माहीत असलेला ताप, दुसरीकडे माहीत नसलेलं औषध.

"खालून पोतलं तं चालते का?" तिने विचारलं.

डास खालीही बसतात. कदाचित खालीच जास्त. एक अख्खी भिंत आधीच गेली होती. मला नाही म्हणायचं होतं. जन्मभर मी अर्ध्या गोष्टींवर चिडत आलो, सभांमधल्या तडजोडींवर मी वडिलांशी भांडलो होतो. पण तिच्या हातात चिंधी होती, आणि मी नाही म्हटलं तर ती वरपर्यंत जाईल हे मला दिसत होतं.

"पूर्ण नाही चालत," मी म्हणालो. "पण काहीच न राहण्यापेक्षा चालेल. आणि मांजरींचं मला माहीत नाही, बाई. मी विचारून सांगतो."

"नाई माईत म्हनाले तुमी," ती म्हणाली. "चांगलं झालं." आणि खाली बसून ती कमरेएवढा पट्टा पोतू लागली. बापाने आणि मी बाज उचलून मधे घेतली, मोठीला तीवरून न उठवता.

त्या आठवड्यात मी रोज शाळा सुटल्यावर त्या घरावरून जात होतो. आत जायचं काही कारण नव्हतं. धाकटी अंगणातून मान हलवून सांगायची, नाही, ताप नाही. ती आता शाळेत येत होती. बापाने परवानगी दिली नव्हती, पण अडवलंही नव्हतं. एका संध्याकाळी तिने मान हलवली नाही. आत मोठी कण्हत होती. सुईण आली होती. अंग तापलं आहे का, एवढंच मला विचारायचं होतं, पण त्या वेळी पुरुषाने अंगणात थांबू नये म्हणून बापानेच मला हात धरून वाटेवर आणलं, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. तो म्हणाला, "थंडी वाजत नाई. मी पायत होतो तिच्या हाताकडे." बऱ्याच वेळाने आत मूल रडलं.

मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. पाचव्या दिवशी त्या कोऱ्या भिंतीपुढे सटवाई मांडली. दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, धान कापून खळ्यात आलं. हिवतापाने त्या वर्षीही आमचा वर्ग रिकामा केला. पण त्या खोलीत तो आला नाही. भिंतीमुळे, कंपाउंडरच्या गोळ्यांमुळे की नुसतंच, ते मी सांगू शकत नाही. धाकटीची आई म्हणायची, सटवाईने. यावरून आमचं दोनदा भांडण झालं, आणि दोन्ही वेळा तिने मला चहा पाजला.

दिवाळीच्या दिवशी मात्र मी मुद्दाम गावातून फिरलो. धाकटीच्या गल्लीतली बरीचशी घरं कमरेपर्यंत पांढरी होती आणि वर फवाऱ्याचे ओघळ तसेच. कोणी कोणाला पत्रक दिलं नव्हतं. बायका विहिरीवर बोलल्या होत्या, आणि मांजरींचंही बोलल्या होत्या. दुसऱ्या गल्लीत सगळी घरं आढ्यापर्यंत पोतलेली होती. तिकडची विहीर वेगळी.

मूल महिन्याचं झालं तेव्हा आईने मला बोलावलं. ओसरीवर बसवलं, नातीला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "मंग? विचारलं का मांजरीचं?"

मी फवारणीच्या साहेबाला सिंदेवाहीला पत्र टाकलं होतं. उत्तर नव्हतं.

"पत्र कायले टाकता? पाय हायेत न. पुढल्या वर्षी ते फवारेवाले येतीन, तवा लेकरू रांगत असन. तवा मी काय करू, ते मले सांगसान का नाई?"

धाकटी दारातून हसली. मी मूल परत दिलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडून रजा घेतली, आणि सिंदेवाहीला जाणाऱ्या धानाच्या गाडीवर, पोत्यांवर चढून बसलो.